पैसा कुणाचा, हिशेब कुणाकडे? निवडणूक खर्चावर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात निवडणुकीतल्या पैशाबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर इतके आले की सगळे घेणं शक्यच नाही. एकसारखे प्रश्न मी एकत्र केलेत. मी स्वतः तालुक्याच्या कोर्टात वकिली करते आणि निवडणूक आली की उमेदवारांचे खर्चाचे हिशेब तपासून द्यायचं काम गेली बरीच वर्षं करतेय, त्यामुळे काही गोष्टी कागदावरच्या आहेत आणि काही डोळ्यांनी बघितलेल्या.

ताई, आमच्या नगरपरिषदेचं मतदान डिसेंबर २०२५ मध्ये झालं. प्रचार सुरू असताना गल्लीत रोज संध्याकाळी जेवणावळ, प्रत्येक चौकात मंडप, रिक्षांवर भोंगे. खर्चाला मर्यादा असते म्हणतात. ती नक्की किती, आणि ती बघतं कोण? – एक वाचक, सोलापूर जिल्हा

दादा, मर्यादा आहे आणि ती राज्य निवडणूक आयोगाने या निवडणुकीच्या आधी वाढवूनही दिली होती. अ वर्ग नगरपरिषदेत थेट नगराध्यक्षाला १५ लाख आणि सदस्याला ५ लाख, ब वर्गात ११ लाख २५ हजार आणि साडेतीन लाख, क वर्गात साडेसात लाख आणि अडीच लाख, नगरपंचायत असेल तर ६ लाख आणि सव्वादोन लाख. जानेवारी २०२६ ला ज्या २९ महापालिकांचं मतदान झालं तिथे मुंबई, पुणे, नागपूरला १५ लाख आणि सगळ्यात खालच्या ड वर्गाला ९ लाख.

आता बघतं कोण. उमेदवाराने रोजचा खर्च लिहायचा असतो आणि निवडणूक अधिकाऱ्यांकडे एक दरपत्रक असतं, त्यात खुर्ची, मंडप, गाडी, फेटा, हार, चहा, वडापाव, जेवणाची थाळी, सगळ्याचे दर लिहिलेले असतात. तुम्ही बिल कितीचंही लावा, दर त्या कागदाप्रमाणे धरला जातो. विधानसभा-लोकसभेला तर व्हिडिओवाले पथक सभेचं शूटिंग करतं, दुसरं पथक ऑफिसात बसून ते बघतं आणि त्यावरून सरकारी बाजूने एक वेगळी वही लिहिली जाते, तिला छाया नोंदवही म्हणतात. मग उमेदवाराची वही आणि ही वही समोरासमोर ठेवतात. मला एक प्रसंग अजून आठवतो. एका उमेदवाराचा हिशेब माझ्याकडे होता, सभेला ४०० खुर्च्या असं मंडपवाल्याचं बिल, आणि खर्च निरीक्षकांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवून व्हिडिओ थांबवला आणि रांगा मोजायला लावल्या, मी मोजत गेले तर हजाराच्या वर खुर्च्या निघाल्या. मंडपवाला बाहेर बाकावर बसला होता, त्याला आत बोलावलं तर तो म्हणाला साहेब बाकीच्या खुर्च्या दुसऱ्याच्या नावावर लिहिल्यात. कुणाच्या ते त्याने सांगितलं नाही. त्या सगळ्या खुर्च्या उमेदवाराच्या खात्यात लागल्या.

तुमच्या गल्लीतल्या जेवणावळी कुणाच्या वहीत लागल्या असतील? बहुतेक कुणाच्याच नाही, कारण त्या मंडळाच्या नाहीतर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या नावाने होतात. तिथे फोटो, तारीख, जागा आणि उमेदवार हजर असल्याचा व्हिडिओ असेल तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देता येते, पण ती त्याच दिवशी द्यावी. निकालानंतर ताट-वाटी मोजायला कुणी येत नाही.

वकीलताई नमस्कार. मी ग्रामपंचायतीला उभी होते, ४० मतांनी पडले. पडलेल्याने कशाला हिशेब द्यायचा असं सगळे म्हणाले म्हणून दिला नाही. आता नोटीस आलीय. – एक भगिनी, मराठवाडा

ताई, गावोगावी हा गैरसमज आहे आणि त्यापायी दर निवडणुकीनंतर खूप जण अपात्र होतात. जिंकलेला, पडलेला, बिनविरोध आलेला, सगळ्यांना निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावाच लागतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४ ब आहे, त्याखाली ५ वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला बंदी येऊ शकते. खर्च शून्य असेल तरी शून्य म्हणून द्यायचा.

नोटीस आलीय म्हणजे अजून निर्णय झालेला नाही, हे आधी लक्षात घ्या आणि घाबरू नका. नोटिशीत दिलेल्या तारखेच्या आत लेखी खुलासा द्या, उशिराने का होईना हिशेब सोबत जोडा, आजारपण किंवा घरातलं काही कारण असेल तर त्याचा कागद लावा, आणि सगळ्याची पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. नांदेड जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीचं असंच प्रकरण २०२० मध्ये सुप्रीम कोर्टात गेलं होतं, तिथे कोर्टाने चुकीच्या मानाने सरळ ५ वर्षांची शिक्षा जास्त होते असं धरलं. तो निकाल खुलाशात नमूद करा. आणि आदेश झालाच तर अपात्रता काढायची किंवा तिची मुदत कमी करायची तरतूद त्याच कलमात आहे.

इलेक्टोरल बाँड रद्द झाले, आता पक्षांना पैसा कुठून येतो? सगळं पारदर्शक झालं का? – एक निवृत्त शिक्षक, सातारा

सर, तुमच्या प्रश्नाला थोडं मागे जाऊन उत्तर देते, कारण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच विषयावर.

बाँडची योजना २०१७ च्या बजेटात जाहीर झाली, जानेवारी २०१८ ला लागू झाली. स्टेट बँकेत जायचं, १ हजारापासून १ कोटीपर्यंतचा बाँड घ्यायचा, पक्षाला द्यायचा, पक्षाने १५ दिवसांत वटवायचा. देणाऱ्याचं नाव मतदाराला कळायचं नाही. पक्षाला मात्र कळायला काहीच अडचण नव्हती, कारण बाँड हातात देणारा माणूस समोर उभा असतो ना. शिवाय कंपन्यांवर आधी असलेली नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही त्याच वेळी काढून टाकली, म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा कितीही देऊ शकत होती. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या ५ न्यायमूर्तींनी हे सगळं घटनाबाह्य ठरवलं आणि मतदाराला पक्षाचा पैसा कुठून येतो हे जाणून घ्यायचा हक्क आहे, तो कलम १९ मध्ये बसतो असं सांगितलं. बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत वेळ मागितला, म्हणजे लोकसभा निवडणूक उरकल्यावर, तर कोर्टाने एका दिवसाची मुदत दिली आणि १४ मार्चला यादी लोकांसमोर आली. ३० टप्प्यांत मिळून १६ हजार ५०० कोटींच्या वर बाँड विकले गेले होते आणि कोर्टाने मागितलेल्या काळातला सगळ्यात मोठा देणगीदार लॉटरीच्या धंद्यातली फ्यूचर गेमिंग ही कंपनी निघाली, १,३६८ कोटी. त्या रात्री मी आणि माझा मुलगा ती पीडीएफ उघडून बसलो होतो, एका बाजूला देणाऱ्यांची नावं आणि दुसऱ्या बाजूला घेणाऱ्यांची, पण कुणी कुणाला दिले ते जुळत नव्हतं, कारण बाँडचे नंबर दिलेच नव्हते. ते २१ मार्चला आले, तेही कोर्टाने परत झापल्यावर.

आता आजचं बघा. साडेसात टक्क्यांची मर्यादा परत आली, मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्यावर. कंपनीला संचालक मंडळाचा ठराव करावा लागतो, हिशेबात दाखवावं लागतं. चेकने, ऑनलाइन थेट देता येतं. आणि दुसरी वाट म्हणजे इलेक्टोरल ट्रस्ट, ही योजना २०१३ पासूनचीच आहे, बाँड गेल्यावर तिच्यात जोर आला. कंपनी ट्रस्टला देते, ट्रस्टने वर्षभरात त्यातले किमान ९५ टक्के पक्षांना वाटायचे. २०२४-२५ मध्ये ट्रस्टांमार्फत ३,८०० कोटींच्या वर गेले आणि त्यातले पाचात चार भाग एकट्या भाजपला. सत्तेवर असलेल्याकडे जास्त पैसा जातो हे आधीपासूनचं आहे, पण प्रमाण बघून काळजी वाटावी असं ते आहे आणि मला वाटते.

बाँडपेक्षा ट्रस्ट बरा, कारण देणारे आणि घेणारे दोघांची नावं केंद्रीय निवडणूक आयोगाकडे जातात. पण पैसा ट्रस्टच्या एका हंड्यात पडतो, त्यामुळे अमुक कंपनीचे पैसे अमुक पक्षाला गेले असं प्रत्येक वेळी बोट ठेवून सांगता येत नाही.

आणि माझी खरी तक्रार वेळेबद्दल आहे. पक्ष २० हजारांच्या वरच्या देणग्यांची यादी वर्षातून एकदा देतात, फॉर्म २४ अ मध्ये, तीही आर्थिक वर्ष संपून कित्येक महिने झाल्यावर. २०२४ ची लोकसभा एप्रिल ते जूनमध्ये झाली, आपली विधानसभा नोव्हेंबरात झाली, दोन्ही त्याच आर्थिक वर्षात, आणि त्या वर्षाचे हे आकडे पेपरात आले २०२५ च्या डिसेंबरात. तोपर्यंत सरकार येऊन वर्ष झालं, मंत्रिमंडळं झाली, टेंडरं निघाली. कोर्टाने म्हटलं मतदाराला माहिती हवी, का, तर मत ठरवायला. ती मत दिल्यावर दीड वर्षाने मिळाली तर तिचा मतदार म्हणून मला उपयोग काय. निवडणूक लागली की पक्षांनी देणग्यांची यादी निदान मतदानाच्या आधी एकदा द्यावी, एवढी एक दुरुस्ती झाली तरी खूप होईल. आज बँकेतला प्रत्येक व्यवहार मिनिटात मोबाइलवर दिसतो, त्यामुळे जमत नाही हे कारण मला पटत नाही.

राहिली रोख रक्कम. २०१७ पासून पक्षाला एका माणसाकडून २ हजारांपर्यंतच रोख घेता येते. पण अशा पावत्या किती फाडायच्या याला मर्यादा नाही, आणि २० हजारांच्या आतल्या देणगीदाराचं नाव आयोगाला कळवावं लागत नाही. याच रोखीच्या सवलतीला आव्हान देणाऱ्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये नोटीस काढलीय. माझ्याकडे वर्गणी मागायला येणाऱ्या कार्यकर्त्यांना मी यूपीआयनेच देते, ५०० रुपये असले तरी.

मी कंपनीत नोकरीला आहे. टॅक्स वाचवून देतो म्हणून एकाने एका छोट्या पक्षाला ५० हजारांची देणगी दाखवली, मला त्यातले बरेचसे परत मिळाले. आता इन्कम टॅक्सचा मेसेज आलाय. – नाव नको, चाकण

खरं लिहिलंत हे बरं केलंत, कारण असे खूप जण आहेत आणि गप्प बसलेत. ही पद्धत अशी की नोंदणी झालेला पण मान्यता नसलेला एखादा पक्ष, ज्याचं नाव तुम्ही कधी ऐकलेलं नसतं, तो चेकने देणगी घेतो, कमिशन कापून रोख परत देतो आणि पावती देतो. मग ८० जीजीसी कलमाखाली पूर्ण रकमेची वजावट. जुलै २०२५ मध्ये खात्याने देशभरात १५० ठिकाणी तपास केला आणि त्याच वेळी सांगितलं की जवळपास ४० हजार करदात्यांनी स्वतःहून अपडेटेड रिटर्न भरून हजार कोटींच्या वरचे खोटे दावे मागे घेतलेत.

तुम्हाला आला तो नुसता सावध करणारा मेसेज आहे की रीतसर नोटीस, हे आधी चांगल्या सीएला दाखवा. नुसता मेसेज असेल तर अपडेटेड रिटर्न भरून टॅक्स, व्याज आणि जादा रक्कम भरता येते, जितका उशीर तितकी जादा रक्कम वाढते. रीतसर कारवाई सुरू झाली असेल तर ती वाट बहुधा बंद होते, आणि चुकीची माहिती दिली म्हणून बुडवलेल्या टॅक्सच्या दुप्पट दंड लागू शकतो. ज्याने हे करून दिलं त्याला फोन करत बसू नका, त्याने जुळवून दिलेलं कुठलंही जुन्या तारखेचं पत्र जोडू नका, ते तर अजिबात करू नका.

याच पक्षांबद्दल अजून एक. आयोगाने ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मिळून ८०८ नोंदणीकृत पक्ष यादीतून काढले, ६ वर्षांत एकही निवडणूक न लढवल्याबद्दल. त्याशिवाय ऑडिट केलेले हिशेब न दिलेल्या ३५९ पक्षांना वेगळी विचारणा झाली. हे काम खूप आधी व्हायला हवं होतं.

मी द्राक्षाचा व्यापारी आहे. आचारसंहितेत शेतकऱ्यांचे पैसे द्यायला गाडीतून रोकड नेली की नाक्यावर अडवतात. ५० हजारांच्या वर नेताच येत नाही का? – एक वाचक, निफाड

नेता येते. ५० हजारांचा नियम तुमच्यासाठी नाहीच. केंद्रीय आयोगाच्या कार्यपद्धतीत तो उमेदवार, त्याचा एजंट, पक्षाचा कार्यकर्ता यांच्या गाडीसाठी, किंवा ज्या गाडीत पोस्टर, प्रचाराचं सामान आहे तिच्यासाठी आहे. तुमचा निवडणुकीशी संबंध नसेल आणि तसा संशय घ्यायला काही कारण नसेल तर रोकड जप्त करायची नसते. १० लाखांच्या वर असेल तर पथक इन्कम टॅक्सला कळवतं, पुढचं ते बघतात.

नाक्यावरच्या पोरांना हे सगळं दरवेळी माहीत असतं असं नाही, म्हणून कागद जवळ ठेवा. बँकेतून काढल्याची स्लिप किंवा स्टेटमेंट, पॅन, शेतकऱ्यांच्या नावाच्या हिशेबपट्ट्या, बाजार समितीचं लायसन. तरी जप्त केलीच तर पंचनाम्याची प्रत मागा, दाद कुठे मागायची ते त्या कागदावर लिहिलेलं असायला हवं. जिल्ह्यात ३ अधिकाऱ्यांची समिती असते, ती स्वतःहून प्रत्येक जप्ती तपासते आणि गुन्हा नसेल तर पैसे सोडायचा आदेश देते. गुन्हा दाखल नसताना मतदानानंतर ७ दिवसांपेक्षा जास्त पैसे अडकवून ठेवता येत नाहीत. शेतकऱ्याचं पेमेंट अडकलं की पुढची छाटणी अडकते हे मला माहितीय, माझं माहेर त्याच भागातलं, म्हणून सांगते की समितीकडे दुसऱ्या दिवशीच जा, वाट बघू नका.

गोव्यात २०२७ ला विधानसभा आहे. आमचे मतदारसंघ एवढे एवढेसे. २८ लाखांची मर्यादा म्हणजे खूपच नाही का? आणि पक्ष वरून जो खर्च करतो तो कुठे मोजतात? – एक वाचक, डिचोली

तुमचं पहिलं बरोबर आहे. २०२२ च्या जानेवारीत ठरलेल्या मर्यादा अशा: महाराष्ट्रात लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख, गोव्यात ७५ आणि २८. आता मतदारांनी भागून बघा. गोव्यात विधानसभेच्या एका मतदारसंघात साधारण २८-२९ हजार मतदार, म्हणजे डोक्यामागे शंभरेक रुपये. महाराष्ट्रात विधानसभेला सरासरी ३ लाख ३५ हजारांच्या आसपास, म्हणजे १२ रुपये. लोकसभेला १९ लाखांच्या वर, म्हणजे जेमतेम ५ रुपये, एका पोस्टकार्डाचा छपाईसकट खर्च निघणार नाही. कुठे मर्यादा सैल तर कुठे इतकी घट्ट की प्रामाणिक उमेदवारालाही खोटं लिहायची वेळ येते. गोपीनाथ मुंडे २०१३ मध्ये मुंबईत जाहीर कार्यक्रमात बोलून गेले होते की २००९ च्या लोकसभेला मला ८ कोटी लागले, तेव्हा मर्यादा होती २५ लाख. आयोगाने लगेच नोटीस काढली. पण सभागृहात बसलेल्या कुणाला त्या आकड्याचं आश्चर्य वाटलं असेल असं मला वाटत नाही.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ७७ फक्त उमेदवाराला बांधतं आणि तेही अर्ज भरल्यापासून निकालापर्यंत. त्याआधी ६ महिने गावभर लागलेले बोर्ड, वाटलेल्या भेटवस्तू, यात्रांच्या बसगाड्या, यातलं काही त्यात येत नाही. १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंवरलाल गुप्ता खटल्यात म्हटलं होतं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच खात्यात धरा, नाहीतर मर्यादेला अर्थ नाही. सरकारने लगोलग कायदा बदलून तो निकालच निष्प्रभ केला. ती पळवाट जवळपास तीस वर्षं चालली, २००३ मध्ये बरीचशी बंद झाली, पण स्टार प्रचारकांचा प्रवास बाहेरच राहिला. मान्यताप्राप्त पक्षाला ४० स्टार प्रचारक, त्यांचं हेलिकॉप्टर पक्षाच्या खात्यात. उमेदवार सोबत बसला तर प्रवासाचा निम्मा खर्च त्याच्याकडे येतो, व्यासपीठावर आला किंवा त्याचा फोटो लागला तर सभेचा खर्च त्याच्याकडे वाटला जातो. म्हणून तर काही सभांना उमेदवार स्टेजसमोर खाली उभा राहून हात हलवतो, लोकांना वाटतं किती नम्र माणूस.

पक्षाने आपला एकूण खर्च विधानसभेनंतर ७५ दिवसांत आणि लोकसभेनंतर ९० दिवसांत आयोगाला द्यायचा असतो. तो वाचायला मिळतो, जरूर वाचा. पण मर्यादा नाही ती नाहीच, आणि ती आणायला कुठलाही मोठा पक्ष तयार नाही.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, माझं ग्रीन कार्ड आहे, नवरा एच वन बी वर. इथल्या उमेदवाराला देणगी देऊ शकतो का? आणि भारतातल्या पक्षाला? – एक वाचक, एडिसन

तिथल्या संघराज्य पातळीवरच्या कायद्याप्रमाणे ग्रीन कार्ड असलेली व्यक्ती देणगी देऊ शकते, एच वन बी वाला नाही. म्हणून तुमच्या स्वतःच्या पैशातून तुम्ही द्या, नवऱ्याचे पैसे तुमच्या नावाने देऊ नका, दुसऱ्याच्या नावाने देणं हा तिकडे वेगळा गुन्हा आहे. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून फोन करणं, घरोघरी जाणं हे त्यांनाही चालतं. २०२५-२६ साठी एका उमेदवाराला एका निवडणुकीमागे ३,५०० डॉलर, प्रायमरी आणि मुख्य निवडणूक वेगळी धरतात. एकूण २०० डॉलरच्या वर गेलात की तुमचं नाव, गाव, नोकरीचं ठिकाण सरकारी वेबसाइटवर कुणालाही दिसतं, आणि काँग्रेस किंवा सिनेटच्या उमेदवारांना मतदानाच्या १२ दिवस आधी हिशेब द्यावा लागतो. वर साताऱ्याच्या सरांना मी जे म्हटलं ते हेच. तिकडे सगळं छान आहे असं मात्र नाही, २०१० नंतर सुपर पॅकना, म्हणजे उमेदवारापासून वेगळं राहून प्रचारावर खर्च करणाऱ्या गटांना, मर्यादाच उरली नाही, आणि त्यांच्या निवडणूक आयोगाला २०२५ च्या मे महिन्यात निर्णय घ्यायला लागणारे ४ आयुक्तसुद्धा उरले नव्हते.

भारतातल्या पक्षाला, पासपोर्ट भारतीय असेल तर देता येतं. उद्या अमेरिकन नागरिक झालात आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं) घेतलं तर नाही, तुम्ही परकीय स्रोत ठरता.

एआयने बनवलेले व्हिडिओ आणि कुणाचं आहे ते न कळणारी फेसबुक पेजेस यावर काही कायदा आहे का? – एक वाचक, नागपूर

थोडा आहे. आयोगाने २४ ऑक्टोबर २०२५ ला पक्षांना सांगितलं की एआयने बनवलेल्या व्हिडिओवर निदान १० टक्के जागेत तसं स्पष्ट लिहा, ऑडिओ असेल तर सुरुवातीच्या १० टक्के वेळात सांगा, दिशाभूल करणारं काही पक्षाच्या अकाउंटवर आढळलं तर लक्षात आल्यापासून ३ तासांत काढा. हे पक्ष आणि उमेदवारांच्या अकाउंटला लागू. बेनामी पेजचं काय? कागदी पत्रकावर छापणाऱ्याचं नाव-पत्ता नसेल तर कलम १२७ अ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पेजसाठी असं सरळ कलम नाही. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च केला तर न्याय संहितेत कलम १७६ आहे, दंड १० हजारांपर्यंत. एवढ्या दंडाने कोण थांबेल. तुम्ही पेजवरच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि मेटाच्या, म्हणजे फेसबुकच्या कंपनीच्या, अॅड लायब्ररीतली (जाहिरातींची खुली यादी) खर्चाची नोंद जोडून तक्रार करा.

ताई, मी कॉलेजला आहे, राज्यशास्त्र. आमच्या आमदाराने विधानसभेला किती खर्च दाखवला ते मला बघायचंय. मला दाखवतील का? – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

दाखवावंच लागेल, बाळा. निवडणूक नियम १९६१ मधला नियम ८८ सांगतो की १ रुपया फी भरून कुणालाही हा हिशेब बघता येतो, प्रत हवी तर ठरलेली फी भरून मिळते. जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसात अर्ज कर, त्याआधी त्यांच्या वेबसाइटवर बघ, स्कॅन करून टाकलेले असतात.

वाचताना एक लक्षात ठेव. आपल्याकडे २००९ च्या भोकर निवडणुकीत अशोक चव्हाणांनी पेपरातल्या जाहिरातींवर ५,३७९ रुपये खर्च दाखवला होता, पेड न्यूजची, म्हणजे पैसे देऊन बातम्या छापून आणल्याची, तक्रार झाली, प्रकरण ५ वर्षं चाललं. सुप्रीम कोर्टाने मे २०१४ मध्ये सांगितलं की हिशेब वेळेत दिला का एवढंच नाही, तो खरा आहे का हेही आयोग तपासू शकतो. आयोगाने मग त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला, तो दिल्ली हायकोर्टाने सप्टेंबर २०१४ मध्ये रद्द केला. म्हणजे चव्हाण सुटले, पण हिशेब खरा आहे का हे विचारायची वाट त्या प्रकरणाने मोकळी झाली.

वहीत तीन रंगांची पानं असतात. पांढऱ्यावर रोजचा खर्च, गुलाबीवर रोख, पिवळ्यावर बँक. १० हजारांच्या वरचं पेमेंट बँकेतूनच व्हायला हवं, म्हणून आधी पिवळं पान उघड आणि बघ मंडपवाल्याला, गाडीवाल्याला कधी, किती आणि कुठल्या नावाने गेले. मग पांढऱ्यावर त्याच तारखेची सभा शोध आणि तू स्वतः त्या सभेला गेली असशील तर खुर्च्यांचा आकडा बघ. काय सापडलं ते मला लिहून पाठव.